कायमचा पत्ता

सुपारी आणि अडकित्ता ताटात मांडून झाला होता आणि माझे होणारे सासरे घसा खाकरून बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात आमच्या दारात मोटरसायकल थांबली.

सोप्यात दोन्हीकडची माणसं दाटीवाटीनं बसली होती. पोहे झाले होते, चहा फिरत होता. मी आतल्या दारामागे नव्या साडीच्या निऱ्या सावरत उभी होते आणि फटीतून संग्रामकडे बघत होते. संग्रामही फटीकडेच बघत होता. याआधी एक स्थळ माझ्या रंगावरून फिरलं होतं, एक पत्रिकेवरून. ती फिरली तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. हे फिरलं असतं तर मी रडले असते, इतकं मला ते आवडलं होतं.

मोटरसायकलवरून उतरला तो आरोग्य केंद्रातला नवा आरोग्यसेवक. पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट, बगलेत सरकारी टॅब. त्याच्या मागून शमशादभाभी उतरल्या. भाभी म्हणजे आमच्या करंजवस्तीच्या आशाताई. पोलिओचा डोस असो, बाळंतीण असो, कुणाला कुत्रं चावलेलं असो, भाभींची खाकी पिशवी तिथे पोचलेली असायचीच.

भाभी पुढे व्हायच्या आत तो उंबऱ्यात उभा राहिला आणि पोस्टमन हाक मारतो तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "यमगरांचं घर हेच ना? या घरात टीबीचा पेशंट आहे. शहरातून नोंद आलीय."

सोप्यात कुणीतरी कप बशीत ठेवला, त्याचासुद्धा आवाज झाला.

"सर, म्या काय म्हनलं होतं?" भाभींनी त्याचा दंडच धरला. "आदी मी आत जाते, बोलते, मग तुम्ही या. चार मान्सांत असं बोलत्यात का?"

"पण भाभी, आज घरभेट झाली नाही तर तालुक्याच्या यादीत आपलं गाव लाल दिसणार."

संग्रामच्या वडिलांना सगळे तात्या म्हणायचे. ते मांडी सोडून पुढे सरकले. "कसली नोंद म्हनता?"

बिचाऱ्याला वाटलं असावं, कुणीतरी आस्थेनं विचारतंय. तो खुलला. "आता सगळं ऑनलाइन आहे काका. शहरात महापालिकेच्या दवाखान्यात पेशंट सापडला, की पत्ता ज्या गावचा असेल त्या गावच्या केंद्रात आपोआप दिसतो. पूर्वी कागद यायचा, निम्मे तर यायचेच नाहीत. आता तिथं बटण दाबलं की इथं कळतं. मग आम्ही घरच्या सगळ्यांची तपासणी करतो."

"आन् पेशंट कोन हाय?"

त्यानं टॅब उघडला. तोवर आबा उठले.

माझे आबा म्हणजे उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. चारचौघांत बोलायचं म्हटलं की दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही. त्या दिवशी मात्र ते सरळ सोप्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मी हाय," ते म्हणाले. "माजाच हाय त्यो आजार."

भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या भावाच्या, नवनाथदादाच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी सतरंजीवर पसरलं, ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

"माघात शेरात गेलतो नवनाथकडं," आबा सांगू लागले. "त्यो कामाला गेल्यावर म्या एकट्यानंच जाऊन छातीचा फोटू काडला. डाक्टर म्हनला, थुकी तपासाया द्या. मी न देताच पळून आलो. म्हनलं, पोरीचं एवढं लगीन होऊ द्या, मग बगू. पर मशिनीनं धरलंच म्हना की." आणि ते हसले. ते हसायला नको होते.

आरोग्यसेवकानं टॅबकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "पण इथं तर..."

"रेंज गेली बगा सर." भाभींनी टॅब त्याच्या हातातून घेतला आणि मिटवून सरळ पिशवीत टाकला. "चला आबा, मागल्या दारी. डबी देते तुमास्नी."

मागच्या दारी, कोंबड्यांच्या खुराड्याशी, आबा वाकून खोकत होते आणि भाभी प्लास्टिकची डबी धरून उभ्या होत्या. ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं आणि सोप्यातल्या पाहुण्यांना ऐकू येत होतं. एकेक खोकला संपता संपत नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या बापाची मला लाज वाटली. आजारी म्हणून कीव यायला हवी होती. ती आली नाही, लाजच आली.

"कळवतो," तात्या चपला घालताना म्हणाले. आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. सुपारी ताटात तशीच राहिली.

पाहुणे वळणाआड जायच्या आत मी आबांवर तुटून पडले.

"आजच बोलायचं होतं का? गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"आगं, ते मशिन बोलायच्या आत म्या बोललो," आबा म्हणाले. "दुसऱ्याच्या तोंडनं निगन्यापरास आपल्या तोंडनं निगालेलं बरं."

"तुमचं निघालं. माझं मोडलं."

"मोडू दे! बाप जितो का मरतो ते बगशील का न्हाई?" आई आतून ओरडली. दादा मघाचा तांब्या हातात धरून तसाच बसला होता. पंधरा दिवसांची सुटी काढून माझ्यासाठी आलेला माझा भाऊ बापालाही काही बोलेना आणि मलाही समजावेना, याचाच मला जास्त राग आला.

आबांच्या थुंकीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी भाभी यायच्या आणि आबांना समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या. मी त्यांच्याशीही धड बोलत नव्हते. एकदा मात्र मला राहवलं नाही. आबांना गोळ्या देऊन झाल्यावर भाभींनी पिशवीतून आणखी एक पाकीट काढून दादाच्या हातात सरकवलं.

"आबांच्या गोळ्या दादाकडं कशाला देता?"

"त्यो शेरात ऱ्हातो. त्याला टायमाचं कळतं," भाभी म्हणाल्या.

"आमच्या आबांना उन्हावरून टाइम कळतो. दादाला घड्याळ बघूनही कळत नाही."

एरवी मी असं काही बोलले की दादा माझी वेणी ओढायचा. त्या दिवशी तो पाकीट खिशात घालून निघून गेला. त्याचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. शहरात खानावळीचं खाऊन वाळलाय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सुटी संपली तरी तो परत गेला नाही. काम मंदावलंय म्हणाला.

आणि एक दिवस खरंच कळवलं. संग्रामनं घरात जेवण सोडलं होतं म्हणे. तात्या स्वतः आले, पण सोप्यात बसले नाहीत. अंगणात उभ्या उभ्याच बोलले.

"पोरगं ऐकंना. आमची ना न्हाई. पर एकच म्हननं हाय. आबांनी मांडवात येऊ ने. पावनंरावळं येनार, ल्हान पोरं असनार. कन्यादानाला नवनाथ बसू द्या. जवान हाय, निरोगी हाय."

भाभी तिथेच होत्या. त्या उसळल्या. "आवं तात्या, गोळ्या चालू झाल्यात. लग्नाला अजून दीड म्हैना तरी लागंल. तवर दुसऱ्याला काय बी भ्या ऱ्हात न्हाई. डाक्टरला इचारा की!"

"इचारलंय. डाक्टर तसंच म्हनला," तात्या म्हणाले. "पर डाक्टर काय पंगतीला येनार न्हाई. लोक येनार."

दादा खांबाला धरून उभा होता. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. त्याच्याआधी आबाच बोलले.

"त्यात काय एवढं! शाळेच्या पटांगनात तर मांडव. घरात बसून बी समदं ऐकू येतं. कर्ना तेवढा मोटा लावा म्हंजे झालं."

आबांनी हे इतकं हसून म्हटलं की तात्याही हसले, मीही सुटकेचा श्वास सोडला. लग्न ठरलं होतं. बाप बाहेर राहणार होता, ते नंतरचं. आधी लग्न ठरलं होतं.

हळदीच्या दिवशी तो आरोग्यसेवक पुन्हा उगवला. मी पाटावर बसले होते, हातापायांना हळद, डोळ्यांत गेलेली वेगळीच. या खेपेला तो अंगणाबाहेर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "नवनाथ आहेत का? शहराच्या नोंदीचं थोडं काम राहिलंय..."

"साहेब," मी पाटावरूनच म्हणाले, "पहिल्यांदा आलात तेव्हा सुपारी राहिली. आज हळद तरी लागू द्या. उद्या अक्षता पडल्या की मग घेऊन बसा तुमचं मशिन."

बायका फिदीफिदी हसल्या. तो लालेलाल झाला आणि मोटरसायकल हातानं ढकलत निघून गेला. मला फार बरं वाटलं. कुणाला तरी लाजवल्यावर आपली लाज थोडी कमी होते.

लग्नाच्या दिवशी पटांगण भरलं होतं. कर्णा आबांच्या सांगण्याप्रमाणे मोठा लावला होता, तोंड आमच्या वस्तीकडे. मुहूर्ताआधी भटजींनी हाक मारली, "मुलीचे बंधू? बंधूंना बोलवा."

दादा नव्हता.

आधी वाटलं, पाण्याच्या टाकीकडे असेल. मग वाटलं, जेवणाचं बघत असेल. पोरं धावली, आचाऱ्यापर्यंत जाऊन आली. मघाशी नव्या कपड्यांत, फेटा बांधून माझ्या शेजारी उभा असलेला भाऊ मांडवात कुठेच नव्हता. कर्ण्यावरून त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. "नवनाथ यमगर, असाल तिथून मांडवात या." पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी बाई माझ्या मागेच म्हणाली, "बाप कोंडलाय, भाऊ पळालाय. बरं घर गावलंय तात्याला."

शेवटी धाकट्या चुलत्यानं कन्यादान केलं. मी मान खाली घातली ती वर केली नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा संग्रामचा चेहरासुद्धा मी पाहिला नाही. अक्षता डोक्यावर पडत होत्या आणि मी मनात दादाला शिव्या घालत होते. येतील तेवढ्या सगळ्या घातल्या.

निघताना गाडी आमच्या दारावरून जाणार होती. मी म्हटलं, थांबवा.

"खाली उतरू नगं," सासूबाई म्हणाल्या. "हितनंच हात जोड."

मी उतरले. शालूचा बोंगा एका हातात धरून अंगणात शिरले आणि थबकले.

अंगणभर अक्षता पडल्या होत्या. पिवळे-तांबडे तांदूळ, थेट पायरीपासून तुळशीपर्यंत. आमच्या कोंबड्या ते मजेत टिपत होत्या. बाजेवर आबा बसले होते, नवं धोतर, नवा सदरा, डोक्याला फेटा. त्यांच्या शेजारी दादा. दोघांच्या मधे एक तांब्या आणि गोळ्यांची दोन पाकिटं. पायरीवर भाभी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या.

"कुठं तोंड काळं केलं होतंस?" मी दादाला विचारलं. "कर्ण्यावर नाव पुकारत होते तुझं! साऱ्या पाहुण्यांत नाक कापलंस माझं."

दादा उठून उभा राहिला. "ज्याला ह्यो आजार हाय त्यानं मांडवात यायचं न्हाई, असं ठरलंय न्हवं?"

"आबांचं ठरलं होतं. तुझं काय?"

त्यानं बाजेवरचं एक पाकीट उचललं. "हे माजं हाय, कांचन."

मला कळेना. मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी दादाकडेच मान वळवली. त्यांचं तसंच असायचं, दुसऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कधी फुटलं नाही.

"त्या दिवशी मशिनवर माजं नाव होतं," दादा म्हणाला. "आबांचं नव्हतंच. शेरात दवाखान्यात पत्ता इचारला. खोलीचा दिला असता तर ती मानसं खोलीवर आली असती. आमी सहा जन ऱ्हातो एका खोलीत. दुसऱ्या दिवशी माजी ट्रंक रस्त्यावर. म्हनून कायमचा पत्ता दिला. वाटलं, गाव लांब हाय, तितं कोन बगतंय? तर ह्या घराचाच पत्ता धरून नोंद दारात आली. वर पयलं पाकीट संपल्यावर शेरातली मानसं फोनवर म्हनली, तुमची नोंद गावाकडं गेलीया, फुडच्या गोळ्या तिकडं घ्या. हितं कुनाला तोंडानं मागू? भाभींनीच चोरून दिल्या."

"मग आबा..."

"मला वाटलं आबांनी वळखलं आन् माज्यासाटी खोटं बोलले. मला झाकाया उटले. आन् मी तांब्या धरून हुबा ऱ्हायलो. मग त्यांच्या थुकीतबी निगालं, तवा मला काय सुदरंना. आज मला बाशिंगाशेजारी बसवाया निगाले, निरोगी म्हनून. मला बसवंना गं."

आबा फेट्याचं टोक तोंडावर धरून हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता सांगतोय मला! म्हनतोय, तुमी माज्यासाटी उटला. मला काय ठावं ह्याचं नाव हाय त्यात! मला वाटलं, मलाच धरलंय. आगं, मशिन आलं ह्याच्यासाटी आन् घावलो मी."

मग ते हसायचे थांबले. "पर कांचन, त्यो पोरगा आला नसता तर म्या लग्नाआदी बोललो नसतो. आन् लग्नानंतर बोलाया उरलो असतो का, कुनाला ठावं." आणि दादाकडे न बघता म्हणाले, "ह्येला माज्यामुळंच झाला आसंल. दिवाळीत शेजारी झोपला हुता."

"न्हाईतर तुमास्नी माज्यामुळं," दादा म्हणाला.

एका छपराखाली, एका अंथरुणाला अंथरूण लावून झोपणारी दोन माणसं तोच खोकला एकमेकांपासून उशीत दाबत होती. आणि मी शेजारच्या खोलीत माझ्या सुपारीसाठी रडत होते. मला इतकी लाज वाटली की मला आबांकडे बघवेना. आतापर्यंत मला त्यांची लाज वाटत होती. ही माझी होती.

मागे चाहूल लागली. संग्राम गाडीतून उतरून अंगणाच्या तोंडाशी आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे, पण त्यानं ऐकलं होतं. बाशिंग हातात धरून तो एकदा आबांकडे, एकदा दादाकडे बघत होता. मग त्यानं पुढे होऊन कोंबड्या हाकलायला सुरुवात केली. "हुश! हुश!"

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," आबा म्हणाले. "खाऊ द्या त्यास्नी. तुमच्या अक्षता तुमास्नी मगाशीच पोचल्या. कर्न्यावर सावधान म्हनलं की आमी दोगं हितनं टाकतच हुतो."

मी वाकले. आबांनी पाय मागे ओढले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "लांबनं. लांबनं कर."

"आबा, डॉक्टर म्हणालेत आता काही भीती नाही."

"डाक्टर म्हनलाय. तुजी सासू न्हाई म्हनली. जा, गाडी थांबलीय."

गाडीनं हॉर्न दिला. मी तशीच खाली बसले आणि कोंबड्यांनी ठेवलेले चार दाणे मातीसकट उचलून डोक्यावर टाकले. संग्राम माझ्याकडे बघत होता. त्यानंही वाकून चिमूटभर उचलले आणि माझ्यासारखेच डोक्यावर टाकले. आबांचं तोंड भिंतीकडे होतं, त्यांना ते दिसलं नाही. दादाला दिसलं.

आता माझी मुलगी शाळेत जाते. आबांचा आणि दादाचा, दोघांचाही आजार त्याच वर्षी बरा झाला. आबा आता हौसेनं पंगतीत बसतात आणि पाहुण्यांना सांगतात, सरकारचं मशिन लई हुशार असतंय, नाव एकाचं वाचतंय आन् जीव दोघांचा वाचवतंय. सगळे हसतात. मी ताक आणायच्या निमित्तानं आत जाते.

कारण त्या दिवशी गाडी चार घरं पुढे गेल्यावर सासूबाईंनी मागे वळून पाहिलं होतं. संग्रामच्या केसांत, माझ्या केसांत, दोघांच्याही.

"ही माती कसली लागली रं डोस्क्याला?" त्यांनी विचारलं.

संग्राम उजव्या खिडकीबाहेर बघत राहिला, मी डाव्या. अक्षता आहेत, एवढं सांगायलाही आमच्यापैकी कुणाचं तोंड उघडलं नाही. सासूबाईंनी पदरानं आमची दोघांची डोकी झटकली.